देहूरोड : सीमेवरील एका गावाचा भूगोल, इतिहास आणि लोकवस्ती

महाराष्ट्रातील बौद्ध धम्माच्या पुनरुत्थानाचा इतिहास लिहिताना महाड, येवला, मुंबई, नागपूर ही नावे क्रमाने येतात. प्रत्येक नावाभोवती ग्रंथ, स्मरणिका आणि आठवणी यांचे मोठे भांडार उभे राहिले आहे. या क्रमात येवला आणि नागपूर यांच्यामध्ये देहूरोडचे स्थान आहे. परंतु बहुतेक चरित्रग्रंथांत त्याचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात आटोपतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, एवढे वाक्य आपल्या सर्वांना पाठ असते. ही घटना याच गावी का घडली, हे गाव कसे वसले, येथे कोण राहत होते आणि आज त्याची स्थिती काय आहे, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. स्थळाचा इतिहास ठाऊक नसेल तर घटनेचा अर्थही अर्धाच कळतो. म्हणून प्रस्तुत लेखात देहूरोड या लहानशा गावाचा भूगोल, इतिहास आणि लोकवस्ती यांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

देहूरोड हे सीमेवरील गाव आहे. देशाची सीमा येथे नाही, पण इतर अनेक सीमा येथे एकत्र येतात. पूर्वेस निगडीपासून पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी सुरू होते, तर पश्चिमेस मावळाचा डोंगराळ मुलूख लागतो. लष्करी हद्द आणि नागरी वस्ती यांची रेषा गावाच्या मधूनच जाते. उत्तरेला संत तुकारामांचे देहू, तर पश्चिमेला शेलारवाडीच्या डोंगरात सातवाहन काळाच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी. अशा ठिकाणी घडलेल्या घटनेला त्या भूमीचे संदर्भ आपोआप चिकटतात. ते संदर्भ सोडवून पाहणे हे अभ्यासकाचे काम आहे.

भूमी आणि नाव

पुण्याच्या वायव्येस सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागून देहूरोड वसले आहे. उत्तरेस इंद्रायणी आणि दक्षिणेस पवना या दोन नद्यांच्या दरम्यानचा हा माळ आहे. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या कुशीतून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या काठची जमीन काळी आणि कसदार आहे, मधला पट्टा मात्र मुरमाड, उंचसखल आणि हलक्या प्रतीचा. किन्हई, चिंचोली, शेलारवाडी, मामुर्डी, किवळे ही या परिसरातील जुनी गावे. त्यांच्या मधल्या माळरानावर देहूरोड हे अलीकडच्या काळात उभे राहिलेले ठाणे आहे.

नावातच त्याची जन्मकथा आहे. मुंबई-पुणे लोहमार्गाचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ साली वाहतुकीस खुला झाला आणि बोरघाटातील काम पूर्ण झाल्यावर १८६३ मध्ये घाटाखालचा व घाटावरचा मार्ग जोडला गेला. तुकारामांचे देहू इंद्रायणीकाठी असल्याने ते या मार्गापासून पाच-सहा किलोमीटर दूर राहिले. देहूला जाणारा रस्ता जेथून फुटतो ते स्थानक म्हणजे देहूरोड. नाशिक शहरापासून दूर असलेल्या स्थानकास नाशिक रोड म्हणतात, तसाच हा प्रकार. ज्या गावाकडे रस्ता जातो त्याचे नाव, आणि त्याला जोडलेला 'रोड' हा इंग्रजी शब्द, यांतून एका नव्या गावाची ओळख घडली. या गावाला पाटील-कुलकर्ण्यांची परंपरा नाही, गावकुसाबाहेर वसवलेला महारवाडाही नाही. वतनाच्या गावगाड्यातून ते निर्माण झाले नाही, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

शेलारवाडीची लेणी : धम्माचा जुना मार्ग

देहूरोडहून जुन्या महामार्गाने तळेगावकडे निघाले की थोड्याच अंतरावर डाव्या-उजव्या बाजूस डोंगर दिसू लागतात. त्यांपैकी एका डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. लोक त्यांना घोरावडीची किंवा घोराडेश्वराची लेणी म्हणतात. मुख्य गुंफेत आज शिवलिंग असून महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. परंतु कोरीव कामाची घडण, भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि ब्राह्मी शिलालेख यांवरून ही मूळची बौद्ध लेणी आहेत, याविषयी विद्वानांत दुमत नाही.

येथील एक लेख पाली-प्राकृताच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटतो. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबिकाच्या पत्नीने, सिअगुतणिकेने, आपला गृहपती पुत्र नंद याच्यासह हे लेणे दान दिले, असा त्याचा आशय आहे. उसभणकाला त्या लेखात 'हालकिय' म्हटले आहे. 'हल' म्हणजे नांगर. अर्थात हे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचे घर होते. दानाला 'देयधम' हा शब्द योजला आहे. देण्यास योग्य असा धर्म, म्हणजे पुण्यदान. राजा, अमात्य किंवा श्रेष्ठी यांनी दिलेल्या लेण्यांचा उल्लेख आपण नेहमी वाचतो. येथे एका नांगरकऱ्याची पत्नी स्वतःच्या नावाने लेणे कोरवून घेते आणि पतीचे नाव तिची ओळख सांगण्यापुरते येते. दुसऱ्या एका झिजलेल्या लेखात सीह नावाच्या थेराच्या शिष्यपरंपरेतील प्रव्रजित स्त्रीचा आणि चैत्यगृहाच्या दानाचा संबंध येतो. त्याच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. तथापि या डोंगरातील धम्मजीवनात स्त्रियांचा आणि सामान्य कुटुंबांचा वाटा होता, एवढे या दोन लेखांवरून निश्चित म्हणता येते.

धेनुकाकट हे नाव कार्ले येथील शिलालेखांतही वारंवार येते. तेथील दात्यांत यवनही आहेत. धेनुकाकटाचे नेमके स्थान कोणते, याविषयी एकमत झालेले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधण्याचा आग्रह धरला होता, तर इतरांनी ते कोकणात किंवा आंध्रात असल्याचे सुचवले आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी येथून पश्चिमेला तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत आहेत. कोकणातील बंदरांतून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग याच मावळातून पठारावर उतरत असे. लेणी ही त्या मार्गावरील विसाव्याची, शीलपालनाची आणि ज्ञानाची स्थाने होती. कोसंबींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि चाकणकडील भामचंद्र डोंगर या तुकारामांच्या एकांतवासाच्या जागा मानल्या जातात, आणि त्या दोन्ही ठिकाणी प्राचीन गुंफा आहेत. एका काळी जेथे भिक्षू ध्यानास बसत, तेथेच कित्येक शतकांनंतर एक विठ्ठलभक्त कवी जाऊन बसला. जागांची स्मृती कधी कधी माणसांच्या स्मृतीपेक्षा दीर्घायुषी असते.

छावणी आणि श्रमिक

मध्ययुगातील देहूरोडचा स्वतंत्र इतिहास सांगण्यासारखा नाही, कारण तेव्हा हे गाव नव्हतेच. गावाची खरी उभारणी विसाव्या शतकात लष्करामुळे झाली. पुण्याभोवती ब्रिटिशांनी लष्करी ठाण्यांची मोठी साखळी उभी केली होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सामग्री आणि दारूगोळा साठवण्यासाठी लोहमार्गालगतची पण दाट वस्तीपासून दूर असलेली विस्तीर्ण जागा हवी होती. दोन नद्यांमधला हा माळ त्या गरजेला सोयीचा ठरला. येथे आयुध भांडार आणि दारूगोळा भांडार उभे राहिले. गावातील लोक त्यांना आजही 'डेपो' म्हणूनच ओळखतात. १९५८ साली देहूरोड कटक मंडळ अस्तित्वात आले. १९८० च्या दशकात येथे आयुध निर्माणी कारखानाही सुरू झाला. २०२१ मध्ये देशातील आयुध निर्माणी मंडळाचे कंपन्यांत रूपांतर झाले, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला.

डेपो म्हणजे मजुरी. पेट्या उचलणे, वाघिणी भरणे, रिकाम्या करणे, सामान लावणे, पहारा देणे, रस्ते बांधणे अशी असंख्य कामे होती. या कामांसाठी माणसे आली ती चारी दिशांनी. मावळ, मुळशी, खेड, सातारा, सोलापूर, नगर या भागांतून आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर तामिळ आणि तेलुगू भाषक श्रमिक आले, उत्तरेकडूनही लोक आले. देहूरोडच्या बाजारात आजही अनेक भाषा कानी पडतात. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि विहार यांची एवढ्या लहान गावातील गर्दी हा या मिश्र वसाहतीचा पुरावा आहे.

या श्रमिकांत पूर्वाश्रमीच्या महार समाजाची संख्या लक्षणीय होती, आणि त्यामागे दीर्घ इतिहास आहे. ब्रिटिश सैन्यात सेवा केलेल्या या समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. सैन्याची दारे पुन्हा उघडावीत म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याहून चळवळ केली आणि १९१० मध्ये जेजुरी येथे परिषद भरवून सरकारकडे अर्ज धाडला. प्रत्यक्ष महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. सैन्यात शिपाई म्हणून घेतले नाही, तरी लष्कराच्या भांडारांत आणि कारखान्यांत हमाल किंवा कामगार म्हणून प्रवेश मिळत होता. गावात येसकरपाळी, मेलेले ढोर ओढणे, निरोप पोचवणे आणि त्याबदली बलुते मागणे, हे वतनाचे जिणे होते. डेपोत ठरलेले काम, ठरलेला पगार आणि हजेरीचा भोंगा होता. जात येथे संपली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण पगाराच्या दिवशी कोणापुढे पदर पसरावा लागत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ पासून महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात लढा दिला, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ मध्ये. म्हणजे कायद्याने वतन संपण्यापूर्वीच देहूरोडसारख्या ठिकाणच्या माणसांनी ते पायांनी सोडले होते. नव्या धम्माचा स्वीकार प्रथम अशाच ठिकाणी शक्य झाला, यात आश्चर्य नाही.

२५ डिसेंबर १९५४

बाबासाहेबांना हा परिसर परका नव्हता. तळेगाव दाभाडे येथे त्यांनी जागा व घर घेतले होते, त्यामुळे या मार्गाने त्यांचे येणे-जाणे होई. १९५० साली कोलंबो येथील बौद्ध परिषदेपासून त्यांचा धम्माकडील प्रवास उघडपणे वेगाने सुरू झाला होता. १९५४ च्या मे महिन्यात रंगून येथे सहाव्या संगीतीस, छट्ठ संगायनेस, प्रारंभ झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या पूर्वार्धात जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे तिसरे अधिवेशन रंगूनलाच भरले. प्रकृती अस्वास्थ्य असतानाही बाबासाहेब त्यास उपस्थित राहिले. परत आल्यावर अवघ्या काही दिवसांत ते देहूरोडला आले आणि रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी येथे प्रतिष्ठापना केली. चरित्रकार धनंजय कीर यांनी या समारंभास सुमारे वीस हजार स्त्री-पुरुष जमल्याची नोंद केली आहे.

स्थानिक कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगितले जाते की, हे मंदिर मुळात चोखामेळ्याच्या नावाने बांधण्याचे योजले होते आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यात तथागतांची मूर्ती बसवण्यात आली. देहूच्या वाटेवर, वारकऱ्यांच्या प्रभावक्षेत्रात राहणाऱ्या अस्पृश्य श्रमिकांना चोखोबांचे मंदिर बांधावेसे वाटणे अगदी स्वाभाविक होते. चोखोबा त्यांचे होते. पण पंढरीच्या देवळाबाहेर, महाद्वारासमोर ज्यांची समाधी आहे त्या संताचे मंदिर बांधणे म्हणजे उंबरठ्याबाहेरचे स्थानच पुन्हा एकदा मान्य करणे ठरले असते. बाबासाहेबांना चोखोबांविषयी अनादर नव्हता. 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्यांना पुढचे पाऊल हवे होते. ज्याच्या दारात उभे राहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, असा शास्ता त्यांना आपल्या माणसांच्या घरात आणायचा होता.

तारखेचाही विचार करण्यासारखा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. त्यानंतर बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेस देहूरोडला बुद्धमूर्ती बसली. हा योग मुद्दाम साधला होता, असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. तथापि आज मागे वळून पाहताना नकार आणि स्वीकार या दोन घटना एकाच तारखेवर उभ्या असलेल्या दिसतात. जुने जाळल्यावर रिकाम्या जागी काय ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सत्तावीस वर्षे लागली.

या प्रसंगी बाबासाहेबांनी आणखी एक महत्त्वाची घोषणा केली. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत बुद्धाच्या शिकवणुकीचा एक ग्रंथ आपण लिहीत आहोत आणि तो पूर्ण झाल्यावर आपण धम्माचा स्वीकार करू, असे त्यांनी सांगितले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचा संकल्प येथे जनसमुदायापुढे जाहीर झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला. म्हणून देहूरोडच्या समारंभाकडे केवळ मूर्तिस्थापना म्हणून पाहणे अपुरे आहे. दीक्षेची वाट येथे लोकांसमोर आखली गेली.

दोन विधाने आणि अभ्यासकाचे कर्तव्य

देहूरोडच्या भाषणातील दोन विधानांची चर्चा येथे करणे आवश्यक वाटते. बाराशे वर्षांनंतर बुद्धाची मूर्ती स्थापन करण्याचा मान आपल्या लोकांना मिळत आहे, हे पहिले विधान. काही टीकाकार या आकड्यावर बोट ठेवतात. काटेकोर कालगणनेने पाहिले तर कान्हेरी येथे नवव्या शतकातील शिलाहारकालीन दानलेख आहेत, म्हणजे तोपर्यंत तेथे संघ नांदत होता. कर्नाटकातील डंबळ येथे तर १०९५ सालच्या लेखात बौद्ध विहाराचा आणि तारेचा उल्लेख आहे. परंतु वेरूळच्या बौद्ध लेण्यांचे काम सातव्या-आठव्या शतकात थांबले आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर त्यानंतर नवी बौद्ध स्थापना क्वचितच झाली, हेही तितकेच खरे आहे. बाबासाहेबांच्या बाराशे वर्षांचा अर्थ या व्यापक अंधाराच्या संदर्भात घ्यावयास हवा. आपण आकड्याचा आशय जपावा आणि तपशील मात्र शिलालेखांवरून सांगावा. त्याने त्यांच्या शब्दाचे मोल कमी होत नाही.

दुसरे विधान पंढरपूरविषयीचे. पंढरपूरची विठोबाची मूर्ती ही वस्तुतः बुद्धाची आहे, असे मत त्यांनी मांडले. पांडुरंग हा शब्द पुंडरीक, म्हणजे कमळ, या शब्दाशी जोडून त्यांनी हा विचार सांगितला आणि या विषयावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचण्याचा मनोदय व्यक्त केला. आयुष्याने त्यांना तेवढी सवड दिली नाही.

हा विषय आपल्या समाजात दोन टोकांनी हाताळला जातो. कोणी तो सिद्ध झालेला सिद्धान्त म्हणून सांगतात, तर कोणी तो कल्पनाविलास म्हणून उडवून लावतात. दोन्ही मार्ग अभ्यासाचे नाहीत. बाबासाहेबांनी स्वतः त्याला प्रबंधाचा विषय म्हटले होते. प्रबंध म्हणजे पुरावा आणि प्रतिपुरावा. अनुकूल बाजूस बरेच काही आहे. मराठी संतपरंपरेने विठ्ठलाला बुद्धावतार मानले आणि महाराष्ट्रातील दशावतारांच्या चित्रांत नवव्या अवताराच्या जागी विटेवर उभा असलेला विठ्ठल आढळतो. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रकाशित झालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या परंपरेचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. प्रतिकूल बाजूही पाहिली पाहिजे. पाली अट्ठकथांत 'पण्डरङ्ग' हा शब्द येतो, पण तो बौद्ध भिक्षूंसाठी येत नाही. बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या 'समन्तपासादिका' या विनय-अट्ठकथेत बिंदुसार राजा ज्या बौद्धेतर परिव्राजकांना नित्य भोजन देत असे, त्यांत पण्डरङ्गांचा उल्लेख आहे. तेव्हा केवळ शब्दसाम्यावर सर्व भार टाकणे धोक्याचे आहे. मूर्तिशास्त्र, ताम्रपट, पंढरपूरचे शिलालेख आणि भीमेच्या खोऱ्यातील पुरातत्त्व यांच्या आधारे हा प्रश्न पुन्हा तपासला पाहिजे. कालामांना उपदेश करताना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्यावर विसंबू नका असे सांगितले. देहूरोडचे राहून गेलेले संशोधनकार्य त्या वृत्तीने पूर्ण करणे हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

लोकसंख्या आणि तिचा अर्थ

आता लोकवस्तीकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार देहूरोड छावणीची लोकसंख्या ४८,९६१ होती. त्याच जनगणनेत शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १७,२७,६९२ नोंदवली गेली. १९५४ साली, ज्या वर्षी देहूरोडला बुद्धमूर्ती बसली, त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्या पट्ट्याच्या औद्योगिकीकरणास गती आली. पुढे नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका, १९९७ मध्ये किवळे, मामुर्डी, रावेत, तळवडे आदी अठरा गावांचा समावेश, असा त्या शहराचा विस्तार होत गेला. चाकण, तळवडे आणि तळेगाव येथे कारखाने उभे राहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पुण्याकडील आरंभही देहूरोडलगत, किवळे येथेच आहे. एवढ्या घडामोडींच्या मध्यावर असूनही देहूरोड लहानच राहिले.

याचे कारण लष्करी भूमी आणि तिचे नियम यांत आहे. छावणीतील बहुतेक जमीन संरक्षण खात्याची आहे. दारूगोळा भांडाराच्या सभोवती दोन हजार गजांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामास प्रतिबंध आहे. १९०३ च्या कायद्यावर आधारलेल्या या पट्ट्याला सारे 'रेड झोन' म्हणतात. देहूरोडच नव्हे, तर निगडी, तळवडे, किवळे या भागांतील हजारो कुटुंबांच्या घरांवर या शब्दाची छाया आहे. येथे पिढ्यानपिढ्या राहूनही पायाखालची जमीन आपली नाही, ही जाणीव या गावाच्या स्वभावात मुरली आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेर हक्काची जमीन नव्हती, त्याच समाजातील अनेक कुटुंबे येथे लष्कराच्या जमिनीवर वाढली. पगार मिळाला, शिक्षण मिळाले, धम्म मिळाला. जमिनीचा प्रश्न तेवढा मागे राहिला.

बौद्ध लोकसंख्येच्या दृष्टीने १९५४ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध म्हणून नोंदले गेलेले लोक अडीच हजारांच्याही आत होते. १९६१ मध्ये ही संख्या २७,८९,५०१ झाली. २०११ मध्ये ती ६५ लाखांच्या पुढे, राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के इतकी होती. या दोन पहिल्या जनगणनांच्या मध्ये देहूरोडचा समारंभ उभा आहे. त्या दिवशी जमलेल्या वीस हजारांपैकी जवळपास कोणीही कागदोपत्री बौद्ध नव्हते. त्यांनी त्रिशरण-पंचशील घेऊन दीक्षा घेण्यापूर्वी दोन वर्षे बुद्धाला आपल्यात आणले होते. जनगणनेच्या तक्त्यात न दिसणारे परिवर्तन प्रथम माणसांच्या मनात घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढेही आकड्यांचा प्रश्न सुटला नाही. नवबौद्धांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत अनेक कुटुंबांच्या घरात बुद्ध आणि दाखल्यावर जुनी जात, अशी दुहेरी नोंद चालत आली.

समारोप

छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले आणि २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याची सुरुवात झाली. देहूरोडच्या विलीनीकरणाचीही चर्चा त्यानंतर होत राहिली. प्रशासकीय सीमा बदलली तर पाणी, रस्ते आणि घरांचे प्रश्न कदाचित सुटतील. पण मोठ्या शहराच्या पोटात गेलेल्या लहान गावाची स्मृती लवकर पुसली जाते, हाही अनुभव आहे. मालमत्तेच्या नोंदी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात, जुने कागद बस्त्यांत बांधून राहतात आणि रस्त्यांची नावे बदलतात.

दरवर्षी २५ डिसेंबरला धम्मभूमीवर मोठा जनसमुदाय लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात, गीते गायिली जातात, लहान मुले बापाच्या खांद्यावर बसून मूर्तीचे दर्शन घेतात. हा उत्साह समाधान देणारा आहे. त्याबरोबर आणखी एक काम तातडीने हाती घेतले पाहिजे. १९५४ साली जे वीस वर्षांचे तरुण होते, ते आज हयात असतील तर नव्वदी ओलांडलेले आहेत. मंदिरासाठी वर्गणी कोणी जमवली, दगड-विटा कोठून आल्या, डेपोतील कोणत्या पाळीच्या कामगारांनी श्रमदान केले, स्त्रियांनी त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांचे जेवण कसे केले, या गोष्टी ग्रंथांत नाहीत. त्या घरोघरच्या आठवणींत आणि ट्रंकेतल्या कागदांत आहेत. जुनी छायाचित्रे, वर्गणीच्या पावत्या, पत्रके, हजेरीचे दाखले आणि सासू-आजीने सांगितलेल्या हकीकती यांचे संकलन गावातील तरुणांनी केले पाहिजे. विद्यापीठांतील पाली व इतिहास विभागांनी त्यांना पद्धत शिकवली पाहिजे.

शेलारवाडीच्या डोंगरात एका नांगरकऱ्याच्या पत्नीचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिले, कारण कोणीतरी ते दगडात कोरले. डोंगराच्या पायथ्याच्या गावात हमाली करणाऱ्या माणसांनी तथागतांना घर दिले. तेही एक देयधमच होते. त्या दात्यांची नावे आपण अद्याप कोठेही कोरलेली नाहीत.